झोपलेल्या बायकांची मोजणी

सन बावीसशे चाळीसमध्ये स्त्री आणि पुरुष, काळा आणि गोरा, धडधाकट आणि अपंग असा कुठलाही भेद मानवजातीत उरलेला नाही. हे वाक्य स्टुडिओच्या लांब व्हरांड्यात फूटभर उंचीच्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्याखालून उजवीकडे वळलं की बायकांचं स्वच्छतागृह लागे. सगळ्या आवारात ते एकच होतं, आणि त्यात झाडू ठेवलेले असत.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला यान होतं. यान म्हणजे प्लायवूड, पत्रा, अंड्यांच्या ट्रेंना चंदेरी रंग मारून केलेली भिंत आणि कधीच बंद न होणारा एक पंखा. त्या पंख्याची घरघर पडद्यावर इंजिन म्हणून खपून जाई. पृथ्वी सोडून निघालेली चौदा माणसं या यानातून नवा ग्रह शोधत होती. तीन वर्षं झाली तरी ग्रह सापडला नव्हता, कारण सापडला असता तर मालिका संपली असती.

चौदांपैकी सात बायका होत्या. सुरुवातीला या गोष्टीचं फार कौतुक झालं. बायका यान चालवत होत्या, झाडं वाढवत होत्या, परग्रहाच्या भाषा सोडवत होत्या आणि मुख्य म्हणजे बोलत होत्या. मग एकोणिसाव्या भागात दिशा ठरवणारी बाई मेली. तिचं कुणाशी वैर नव्हतं. कप्तानाला एक दुःख हवं होतं. मालिकेचा लेखक स्वभावाने वाईट नव्हता. पण कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आणायचं म्हटलं की कुणीतरी बाई मारल्याशिवाय त्याला सुचतच नसे.

पुढच्याच आठवड्यात टक्केसाहेब आले. चॅनेलने नेमलेले समावेश अधिकारी. दर भागाच्या दर मिनिटाचं एक चित्र छापून घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि रकाने भरायचे: स्त्री, वर्ण, पन्नाशीपुढील, अपंग, इतर. माणूस नीटनेटका, आवाज हळू, पेन्सिलीला कायम टोक.

"एक बाई कमी पडतेय," ते म्हणाले.

"ती मेली," लेखक म्हणाला.

"कधी?"

"एकोणिसाव्या भागात. तुम्ही मालिका बघत नाही का?"

"मी बघत नाही. मोजतो."

निम्म्याच्या खाली आकडा गेला तर मालिका बंद, असा नियम होता. लेखकाने दोन दिवस नखं खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की ती मेलेली नाहीच. तिला गोठवलं आहे. कप्तानाच्या खुर्चीमागे काचेची एक उभी पेटी आली. पेटीत निळा दिवा, आणि आत डोळे मिटलेली दिशावाली. खरी दिशावाली नव्हे. ती एव्हाना साबणाच्या जाहिरातीत होती. पेटीतलं डोकं सिलिकॉनचं होतं आणि त्याखालचा गणवेश फोमने भरलेला.

टक्केसाहेब त्या पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. बाहुलीला ठिपका द्यायचा की नाही, हे त्यांच्या पुस्तिकेत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "कथेत ती झोपलेली आहे. झोपलेल्या माणसाला माणूस म्हणून मोजायचं नाही, हा भेदभाव झाला."

एवढं लांब वाक्य ते त्याआधी कधी बोलले नव्हते. लेखकाने ते लिहून घेतलं.

त्यानंतर सगळंच सोपं झालं. वैमानिक काळी होती. प्राणवायू कमी पडला तेव्हा तिने पेटीत जायचं ठरवलं. झाडं वाढवणारी साठीची बाई विषाणूमुळे गेली. भाषातज्ज्ञ बाईला कारण द्यायचं लेखक विसरला, ती एका सोमवारी नुसतीच पेटीत दिसली, आणि पुढच्या दोन सोमवारी आणखी दोन बायका. एका हाताचा संदेश-अधिकारी पुरुष होता, पण तोही गेला, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोन पुरुष, ज्यांचा रंग कप्तानापेक्षा बराच वेगळा होता. झोपलेली माणसं संवाद विसरत नसत. उशिरा येत नसत, आणि आपल्या पात्राचं असं का झालं, हे विचारत नसत. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर कप्तानामागे नऊ पेट्या निळ्या उजेडात उभ्या होत्या आणि जागी माणसं पाच होती. त्यांपैकी चौघं पुरुष होते. ते एकमेकांसारखे इतके दिसत, की टक्केसाहेब त्यांना एकदाच मोजून चाराने गुणत.

पाचवी इंजिनवाली बाई होती.

*

डोकी आवारामागच्या शेडमध्ये तयार होत. तिथे साचेवाली बसे. पंचेचाळिशीची, बोटांची टोकं प्लास्टरने कायमची पांढरी, आणि सुईने एकेक केस रोवून रोवून मान एका बाजूला कललेली. शेडच्या भिंतीला लांब फळी होती. तिच्यावर झोपलेल्यांचे प्लास्टरचे मूळ चेहरे ओळीने मांडलेले. सकाळी कुलूप काढलं की साचेवाली त्यांच्याकडे न बघता आधी खिडकी उघडे. दोन वर्षं ती हेच काम करत होती, पण डोळे मिटलेल्या नऊ चेहऱ्यांकडे पाठ करून बसायची सवय तिला अजून झाली नव्हती.

पद्धत ठरलेली होती. लेखकाकडून एक पांढरी चिठ्ठी येई: "डोकं हवं." खाली पात्राचं नाव आणि तारीख. चिठ्ठीबद्दल कुणाला सांगायचं नाही, असा दंडक होता. ज्याचं डोकं, त्याला तर नाहीच. त्याला आदल्या दिवशी कामाच्या तक्त्यावर एवढंच दिसे: "साचा, सकाळी नऊ." सगळ्यांना अर्थ कळत असे. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लोक त्या माणसाशी अचानक गोड बोलत. कुणीतरी उठून त्याला पंख्याखालची खुर्ची देई.

मंगळवारी आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "इंजिनवाली."

इंजिनवाली म्हणजे साचेवालीची वहिनी. साचेवाली सतरा वर्षांची असताना ती त्या घरात आली. आता ती त्रेपन्न वर्षांची होती. त्यातली तीस वर्षं तिने पडद्यावर दारात उभं राहून रडण्यात घालवली होती. नायकाची आई, खुनी माणसाची आई, पोलिसाची आई. एकदा तर एकाच आठवड्यात दोन मालिकांत दोन मुलगे मेले आणि तिने एकच साडी दोन्हीकडे नेसली. मग हे यान आलं, तिच्या हातात पाना आला आणि तोंडी वाक्य आलं, "दाब वाढतोय, कप्तान." तेव्हापासून ती चालायची वेगळी. पाठीतून ताठ. फोनवरही कुणी उगाच आवाज चढवला की शांतपणे म्हणे, "दाब वाढतोय हं." ही भूमिका गेली तर पुढे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दार तिची वाटच बघत होतं.

तीन दिवस साचेवालीने घरात तोंड उघडलं नाही.

"हिला काय झालंय?" दादाने वर्तमानपत्रामागून विचारलं. "मौनव्रत?"

"दात दुखतोय," साचेवाली म्हणाली.

"मग एकाच बाजूने गप्प बस. दुसऱ्या बाजूने बोल."

वहिनी हसली नाही. ती नणंदेच्या बोटांकडे बघत होती. "कुणाचं डोकं आलंय गं?"

"सांगता येत नाही, तुला माहितीये."

"त्या चौघांपैकी कुणाचं असतं, तर सांगितलं असतंस." वहिनीने कप विसळला आणि पालथा घातला. "आणि पेढे मागितले असतेस."

*

शुक्रवारी नऊला वहिनी शेडमध्ये आली ती गणवेश घालूनच.

"चल नणंदबाई, उरकून टाक मला."

साचेवालीने तिच्या केसांवर घट्ट टोपी चढवली, भुवयांना आणि पापण्यांना व्हॅसलीन चोपडलं. हे काम तिने इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालत. दातांचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात तसला गार लगदा चेहऱ्यावर ओतायचा, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या, वरून प्लास्टरच्या पट्ट्या. पंधरा मिनिटं ना बोलायचं, ना हसायचं, ना डोळे उघडायचे. ठीक असेल तर अंगठा वर, गुदमरलं तर खाली. या पंधरा मिनिटांत साचेवालीला बडबड करायची खोड होती. समोरचा घाबरू नये म्हणून, असं ती सांगे. खरं म्हणजे एरवी तिचं कुणी पंधरा मिनिटं ऐकून घेत नसे.

आज ती पट्ट्या बसवेपर्यंत गप्प राहिली. खुर्चीत आता वहिनी नव्हतीच. मानेवर एक पांढरा गोळा होता आणि त्याला दोन भोकं. भोकांतून श्वास येत-जात होता. फळीवरचे नऊ जण डोळे मिटून ऐकत होते.

"वहिनी," साचेवाली म्हणाली, "डोकं तयार झाल्याशिवाय ते तुला झोपवू शकत नाहीत. बरोबर?"

अंगठा हलला नाही.

"साचे बिघडतात. लगद्यात बुडबुडे राहतात, प्लास्टर तडकतं, सिलिकॉन घट्टच होत नाही. माझे फारसे बिघडत नाहीत, पण बिघडू शकतात. मी हा बिघडवणार आहे. पुढचाही. जेवढे जमतील तेवढे. चालेल का तुला?"

भोकांतला श्वास क्षणभर थांबला. मग खुर्चीच्या हातावरचा अंगठा सावकाश वर आला.

पहिल्या डोक्याला नाकावर बुडबुडा आला. देवी आल्यासारखा. साचेवालीने ते लेखकाला नेऊन दाखवलं आणि हळहळली. लेखकाने नाइलाजाने वहिनीला आणखी एक भाग जागं ठेवलं, आणि जागं ठेवलं म्हणून काहीतरी काम द्यावं लागलं. तिने दोन मिनिटांत इंजिन दुरुस्त केलं. दुसऱ्या आठवड्यात कानाजवळ तडा गेला. पडद्यावर वहिनीने कप्तानाला नकाशा उलटा धरल्याचं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात सिलिकॉन घट्ट झालंच नाही, कारण साचेवालीने त्यात घट्ट करणारं रसायन निम्मंच घातलं होतं. त्या भागात कप्तान बेशुद्ध पडला आणि वहिनीने सबंध बावीस मिनिटं यान चालवलं.

बावीस मिनिटं! मालिकेच्या इतिहासात एवढा वेळ कुणी बाई बोलली नव्हती. स्टुडिओत पत्रं येऊ लागली. कुठल्याशा शाळेतल्या मुलींनी मिळून लिहिलं होतं की आम्ही दर भागात इंजिनवालीची वाक्यं मोजतो, या वेळी एकशे अठरा झाली, आणि आमच्या बाईंनी खेळाच्या तासाला पाना कसा धरायचा ते दाखवलं. ते पत्र वहिनीने स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाहेरून चिकटवायची तिला लाज वाटत होती. डबा काढायला दार उघडलं की ती रोज एकदा वाचे.

"एकशे अठरा," दादा म्हणाला. "घरात मिळून एवढी एका सकाळीच होतात. इथे कुणी पत्र लिहीत नाही."

फक्त कप्तानाला हे सगळं रुचलं नाही. बावीस मिनिटं डोळे मिटून पडल्यावर त्याला कसंतरीच वाटायला लागलं होतं. "डोळे मिटले की आत फार थंड वाटतं हो," तो मेकअपवाल्याला म्हणाला. "लोक तुमच्याबद्दल बोलतात आणि तुम्हाला उत्तर देता येत नाही." मेकअपवाल्याने मागच्या पेट्यांकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर पावडर मारली.

चौथं डोकं बिघडलं तेव्हा लेखक स्वतः शेडमध्ये आला. स्टुलावर बसून त्याने फळीवरचे चेहरे पाहिले, आणि बसल्या जागी फिरून त्यांच्याकडे पाठ केली. मग पाठ केल्यामुळे जास्तच अस्वस्थ होऊन परत फिरला.

"ताई, तुमचं आधी कधी बिघडलं नव्हतं."

"माल चांगला येत नाही हल्ली."

"चॅनेलने विचारलंय. बाहेरून एक यंत्र आणू म्हणतात. माणसाला उभं करायचं, प्रकाश फिरवायचा, दहा मिनिटांत डोकं. लगदा नाही, पट्ट्या नाहीत." तो चाचरला. "साचेवालीही नाही."

"एवढी घाई काय आहे तिला झोपवायची? लोकांना आवडतेय ती."

"तेच तर. आवडायला लागली की नुसतं ठेवून भागत नाही, पुढचं लिहावं लागतं. पन्नाशीची बाई जागी आहे, हुशार आहे, आणि मरत नाहीये. मी काय लिहू? मला कुणी शिकवलेलंच नाही." त्याच्या आवाजात खरोखरची कळकळ होती. "एक शेवटचा साचा घ्या. सोमवारपर्यंत."

*

पाचवा साचा शनिवारी घेतला. वहिनी खुर्चीत बसताना म्हणाली, "या वेळी काय करणार?"

"हनुवटी पाडते. पडल्यासारखी."

"पाड. तशीही वयाने पडलीच आहे."

दोघी हसल्या. वहिनीचं हसू पुरतं मावळायच्या आतच साचेवालीने लगदा ओतला.

वहिनी गेल्यावर तिने साचा उघडला, आणि तिचा हात थांबला. एकही बुडबुडा नव्हता. कपाळावरच्या तीन रेघा, गालावरचा लहानपणीचा व्रण, सगळं जसंच्या तसं आलं होतं. आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ती घडी. वहिनी काही बोलायच्या आधी तिथे एक बारीक घडी पडते. नुसत्या चाहुलीएवढी. घरात ती घडी दिसली की दादा आधीच "बरं बरं" म्हणतो. अठ्ठावीस वर्षं साचेवालीने ती पाहिली होती आणि कुठल्याच साच्यात ती कधी आली नव्हती, कारण साच्यात माणसं आधीच मेल्यासारखा चेहरा करून बसतात. आज ती आली होती.

तिने हातोडी घेतली. मग तिला वाटलं, आधी सिलिकॉन भरून बघू, प्लास्टरमध्ये चांगलं दिसतं ते पुढे टिकतंच असं नाही. फोडायचं तर नंतरही फोडता येईल. सिलिकॉनमध्ये घडी टिकली. मग वाटलं, फक्त रंग. रंग चढल्यावर घडी बुजते का, हे बघण्यापुरता. ती बुजली नाही. मग फक्त भुवया.

सोमवारी तिने लेखकाला कळवलं की अजून वाळतंय. बुधवारपर्यंत ती केस रोवत होती. एकेक केस, सुईच्या टोकाने, कानामागचे पांढरे निराळे, वरचे निराळे. घरी जेवायला ती उशिरा येई आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे अशी टक लावून बघे, की वहिनीने एकदा विचारलं, "काय गं, काही लागलंय का तोंडाला?"

"नाही. पापण्या बघत होते."

"कशाला?"

"सहज."

गुरुवारी दुपारी साचेवाली डबा घरी विसरली, म्हणून वहिनी तो घेऊन शेडमध्ये आली. दार लोटलेलं होतं. टेबलावर ओलं फडकं बाजूला सारलेलं, आणि तिथे तिचंच डोकं डोळे मिटून बसलं होतं. साचेवाली त्याची शेवटची पापणी लावत होती. हलक्या हाताने, जीभ किंचित बाहेर काढून.

वहिनीने डबा खाली ठेवला.

"कधीचं आहे हे?"

"शनिवारचं." साचेवालीने सुई ठेवली. "फोडणार होते मी. शपथ."

"मग केस कशाला लावलेस?"

बाहेर कुठेतरी यानाचा पंखा घरघरत होता. वहिनी टेबलाभोवती एक फेरी मारून आली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. ओठाजवळ बोट नेलं, पण लावलं नाही.

"ही घडी माझी आहे?"

"हो."

"मला माहीतच नव्हतं." ती सरळ झाली. "चांगलं झालंय गं. हे फोडवणार नाही कुणाच्यानं."

"आत्ता फोडते. हे बघ—"

साचेवालीने हातोडी शोधायला हात लांब केला आणि दारातून आवाज आला, "वा!"

लेखक होता, आणि त्याच्यामागे टक्केसाहेब. लेखकाने खिशातला रुमाल काढून डोळे टिपले. हे अश्रू खरे होते; त्याच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी खऱ्या असत आणि तरीही व्हायचं तेच होई. टक्केसाहेब पुढे झाले. त्यांनी आधी डोक्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग परत डोक्याकडे. हातातली पेन्सिल दोघींच्या मधे हवेत थांबली.

"दोन मोजता येणार नाहीत," ते म्हणाले. "एकच घ्यावी लागेल."

वहिनीच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात घडी पडली होती. टेबलावरही पडलेली होती. मग तिने पदर खोचावा तसा गणवेशाचा पट्टा ओढून घेतला आणि ती निघून गेली. डबा तिथेच राहिला.

*

तिला पुढच्या बुधवारी झोपवलं. कारण असं दिलं, की इंजिन कायमचं दुरुस्त झालं आहे आणि आता इंजिनवालीची गरज उरलेली नाही. कप्तान रडला. जागी असताना तिला शेवटचं वाक्य दिलं होतं, "तुमच्या हाती यान सुरक्षित आहे, कप्तान." तालमीत तिने ते बरोबर म्हटलं. चित्रीकरणात ती म्हणाली, "दाब वाढतोय, कप्तान." परत घ्यायला वेळ नव्हता, म्हणून आवाज काढून टाकून तिथे संगीत घातलं. ती पेटीतून बाहेर आली, डोकं आत गेलं, काच लागली. पेटी दहावी होती.

घरी कुणी कुणाला बोललं नाही असं नाही. वहिनी नेहमीसारखी बोले. मीठ दे म्हणे, दार लावून घे म्हणे. फक्त साचेवालीकडे बघताना ती चेहरा अगदी सपाट ठेवी, साच्यात बसल्यासारखा. कपाटाच्या दाराचं पत्र तिने काढलं नव्हतं. पण डबे आता दुसऱ्या कपाटात गेले होते.

दोन महिन्यांनी मालिकेला सन्मान जाहीर झाला. भविष्याच्या चित्रणात स्त्रियांना आणि वंचितांना दिलेल्या भरीव स्थानासाठी. यानात चौदा माणसं, निम्म्या बायका, पाचही रकाने भरलेले, आणि एकाही भागात आकडा घसरलेला नाही. आयोजकांची इच्छा होती की मालिकेतल्या या सगळ्या व्यक्तिरेखांनी रंगमंचावर यावं. मालिकेच्या ऑफिसने कळवलं, येतील.

दहा पेट्या टेम्पोतून गेल्या. झगझगीत दिव्यांखाली सिलिकॉन मऊ पडतं, म्हणून बरोबर साचेवाली. ती पडद्याच्या कडेला ओलं फडकं घेऊन उभी राहिली. पेट्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या, निळे दिवे आतून लागलेले, आणि मध्ये कप्तान, काळ्या सुटात.

"या आपल्याशी बोलू शकत नाहीत," तो भरल्या गळ्याने म्हणाला. "म्हणून त्यांच्या वतीने मला बोलावं लागतं. ही जबाबदारी मी कधी टाळली नाही."

टाळ्या झाल्या. मग कॅमेरा एकेका पेटीवरून फिरू लागला आणि मागच्या मोठ्या पडद्यावर एकेक चेहरा उमटू लागला. दिशावाली, वैमानिक, झाडंवाली. सभागृहातले लोक ठरल्याप्रमाणे प्रत्येकीला टाळ्या देत होते. शेवटी वहिनीचा चेहरा आला. वीस फूट उंच, डोळे मिटलेला, आणि ओठाच्या कोपऱ्यात ती घडी.

टाळ्या थांबल्या. कुणी थांबवल्या नव्हत्या. सबंध सभागृह ती आता काय बोलते याची वाट बघू लागलं. पहिल्या रांगेतली एक बाई पुढे झुकली. कप्तानाने मागे वळून पाहिलं आणि तो नकळत एक पाऊल बाजूला सरकला. पेटी गार ठेवायला लावलेला छोटा पंखा बारीक घरघरत होता. सात-आठ सेकंद गेले. पडद्याच्या कडेला साचेवालीच्या हातातून फडक्याचं पाणी थेंबथेंब बुटावर पडत होतं. तिला एकटीलाच माहीत होतं की काही ऐकू येणार नाही, आणि तीच सगळ्यांत जास्त कान देऊन उभी होती.

मग कुणीतरी खोकलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

साचेवालीने घरी फोन लावला. दादाने उचलला.

"बघितलंत?"

"बघितलं. काय काम केलंयस तू! मी इथे चुकून 'बरं बरं' म्हणून गेलो."

"वहिनी काय म्हणाली?"

"तिने बघितलं नाही. तिला उद्या सकाळी आठची हजेरी आहे, लवकर झोपली. नवीन मालिका मिळालीये. आईची."

दुसऱ्या दिवशी पेट्या परत आल्या तेव्हा यानाच्या जागी कप्तानाच्या बालपणाचा सेट लागत होता. पुढचे सहा भाग तिथेच होणार होते. शेड साच्यांनी भरलेली, व्हरांड्यात आग लागली तर वाट हवी म्हणून काही ठेवायला मनाई. व्यवस्थापकाने चावी घेऊन सगळं आवार पालथं घातलं आणि शेवटी दहाही पेट्या निळ्या अक्षरांखालून उजवीकडे वळवून बायकांच्या स्वच्छतागृहात दाटीवाटीने उभ्या केल्या. टक्केसाहेबांनी दारातूनच मोजल्या आणि सही केली.

"आणि मी कुठे जायचं?" साचेवालीने विचारलं.

"पलीकडच्या इमारतीत आहे ना. रस्ता ओलांडला की आलंच."

झाडूंसाठी नवीन कपाट करून घेतलं.